भजे कढईतून घ्या, चटणी जपून: मराठवाड्यात फिरताना आणि परत आल्यावर

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय: डिसेंबरच्या सुट्टीत सासू-सासरे आणि दोन लेकरांना घेऊन गाडीने तुळजापूर, परळी, औंढा, नांदेड आणि येताना वेरूळ अशी फेरी करायची आहे. सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे आणि बाहेरचं खाल्लं की धाकटीचं पोट बिघडतं. घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं, बाहेरचं काहीच नको, सगळा डबा घरून न्यायचा. दुसरं म्हणतं, मराठवाड्यात जाऊन पेढा, भजे, हुरडा खायचा नाही तर जायचं कशाला. शिवाय घरी काय आणावं, ते किती टिकेल आणि घरी काय करता येईल, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, माझं लहानपण भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्टीवर गेलं. आता मिठाई-फरसाणाचं दुकान चालवतो, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतो. त्यामुळे मी दुसऱ्या मताचा आहे हे उघड आहे. पण धाकटीच्या पोटाची काळजीही खरी आहे, म्हणून नुसतं ‘बिनधास्त खा’ म्हणून मोकळा होत नाही.

आमच्या धंद्यात पदार्थ हातात आला की दोन गोष्टी आधी बघतात: तो कधी झाला आणि त्यात पाणी किती राहिलं. माणसाला त्रास देणारे जंतू पाण्यावर जगतात. पेढा, गोडीशेव, रेवडी, चिवडा यांत पाणी कमी असतं, म्हणून ते टिकतात आणि सहसा बाधत नाहीत. रबडी, बासुंदी, ओली चटणी, चिरलेला कांदा, पाणीपुरीचं पाणी यांत पाणी भरपूर असतं, म्हणून ते तासांच्या हिशेबानं खायचे. तळणाचं तेल 170-180 अंशांवर असतं. त्यात पडलेल्या भज्याला आतपर्यंत वाफ धरते, जंतू टिकत नाहीत. म्हणजे कढईतून थेट ताटलीत आलेला भजा भरवशाचा, आणि त्याच्या शेजारी वाटीत सकाळपासून बसलेली हिरवी चटणी धोक्याची. बाहेर खाऊन पोट बिघडलं की लोक भज्याला दोष देतात, पण बहुतेक वेळा खरी भानगड चटणीची, कच्च्या पाण्याची किंवा बर्फाची असते.

आता पहिला सल्ला, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. फेरी उलटी करा. तुम्ही तुळजापूर आधी धरलंय, म्हणजे पेढा-खवा पहिल्याच दिवशी विकत घ्याल आणि तो चार-पाच दिवस गाडीच्या डिकीत फिरेल. त्यापेक्षा आधी वेरूळ, मग औंढा, नांदेड, परळी, शेवटी तुळजापूर करा आणि परतताना येरमाळ्यावरून सरमकुंडी फाट्याला थांबा, कुंथलगिरीच्या खव्या-पेढ्याचा पट्टा तो हाच. तिथून पुणं त्याच दिवशी गाठता येतं. ताजा खवा घेतला की रात्रीपर्यंत तो तुमच्या फ्रीजमध्ये.

उलट फेरीत छत्रपती संभाजीनगर आधी येतं. तिथे जुन्या शहरात, गुलमंडीच्या बाजूला, सकाळी इमरती खा. इमरती आणि जिलेबी हे एकाच घरचे पदार्थ वाटतात, पण कारागिराला विचाराल तर दोन्हींचं काम वेगळं. जिलेबी मैद्याची, तिचं पीठ रात्रभर आंबवतात आणि त्या आंबटपणावर ती उभी असते. इमरती उडदाच्या डाळीची. डाळ भिजवून, वाटून, हाताने इतकी फेटायची की पिठाचा ठिपका पाण्यावर तरंगला पाहिजे. आंबवायची गरज नाही. चांगली इमरती तोंडात घातली की बाहेरून कडक लागते आणि आत पाक भरलेला असतो. पीठ नीट फेटलेलं नसेल तर ती चामट होते. गार झालेली इमरती खाऊन मत बनवू नका, तई, म्हणजे तळणाची पसरट कढई, चालू असेल तेव्हाच घ्या. याच शहरात आणि खाली नांदेडपर्यंत लग्नाच्या जेवणात डबल का मीठा, खुबानी का मीठा, ईदला शीरखुर्मा दिसतो. हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. राज्य गेलं, पण ताटातल्या या गोष्टी इथल्याच होऊन राहिल्या. कुणी ओळखीच्यांनी घरी बोलावलं तर डबल का मीठा नक्की चाखा. पाव तुपात तळून दूध-साखरेत मुरवलेला असतो, एका माणसाला दोन चमचे पुरतात.

दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरू, बोरं मिळतील. सीताफळाची रबडी मात्र विचारून घ्या. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि बालाघाटच्या डोंगरातल्या त्या फळाला तोडच नाही, पण हंगाम साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. डिसेंबरअखेरीस जी रबडी मिळेल ती बहुतेक गोठवलेल्या गराची. गोठवलेला गर वाईट नसतो, मीसुद्धा वापरतो. फक्त वारंवार वीज जाणाऱ्या गावात दिवसभर फ्रीजरमधून काढ-घाल झालेली रबडी लेकराला देऊ नका.

बर्फाचं एकदाच सांगतो. थंडीत तशी गरजही नाही, पण लेकरं गोळा बघितला की हट्ट करतात. मासळी किंवा औषधं थंड ठेवायला लागणारा बर्फ खायच्या पाण्याचा नसतो, म्हणून त्याला निळा रंग देण्याचा नियम आपल्या राज्यात आहे. तरी गाडीवरचा बर्फ कुठून आला हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. जालन्याच्या भागात मोसंबीचा रस समोर काढून देतात. तो बर्फाशिवाय, ग्लास धुवून घेऊन प्या.

आता हुरडा. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात येताय आणि हुरडा खाल्ला नाही तर मी नाराज होईन. ज्वारीचं कणीस दुधातून पिठात जायच्या आधी, दाणा हिरवा आणि मऊ असतो तेव्हा तोडतात. शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवलेली आगटी असते. तिच्या निखाऱ्यात कणसं खुपसून भाजतात आणि पोळतं कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात. चोळणाऱ्याचे हात बघा, तो दाण्यावर फुंकर मारत असतो, कोंडा उडत असतो आणि दाणे थेट तुमच्या ताटलीत पडत असतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, गूळ, शेव, गोडीशेव, रेवड्या, दही. सगळ्या ज्वारीचा हुरडा चांगला होत नाही. गूळभेंडी, कुचकुची यांचा गोड होतो, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी परभणी वसंत हा वाणही दिलाय. ठिकाण निवडताना विचारा की ज्वारी कोणती आहे आणि कणसं कधी तोडली. सकाळी तोडलेली कणसं दुपारपर्यंत ठीक असतात. आदल्या दिवशीच्या कणसांचा गोडवा उतरलेला असतो. शहराजवळच्या काही हुरडा पार्ट्यांत झोके, उंटाची सवारी, डीजे सगळं असतं आणि हुरडा मात्र गार करून वाढतात. त्यापेक्षा परभणी-हिंगोलीच्या बाजूला ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर तिथे बसा. हुरडा जड असतो, भुकेवर भरमसाठ खाल्ला तर पोटाला तडस लागते. धाकटीला दोन मुठी पुरे, आणि दही घरचं विरजलेलं असेल तरच.

औंढ्याला खास खाण्यासाठी थांबण्यासारखं मला काही वाटत नाही. देवदर्शन करा, चहा घ्या, पुढे निघा.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात जालच. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला, म्हणून शीख समाजासाठी हे पाच तख्तांपैकी एक. तिथला कडाह प्रसाद मी कारागीर म्हणून बघतो तेव्हा थक्क होतो. कणीक, तूप आणि साखर, तिन्ही समभाग. एवढ्या तुपात कणीक बदामी होईपर्यंत भाजायची, मग पाणी घालायचं, आणि कढईच्या कडेनं तूप सुटेपर्यंत हलवत राहायचं. एक मिनिट लक्ष हललं तर कणीक करपते. तिथे रोज इतक्या लोकांसाठी तोच रंग, तीच चव येते. सासऱ्यांनी प्रसाद नाकारू नये, पण ओंजळीतला अर्धा नातवाला द्यावा. लंगरमध्ये जेवायला अजिबात संकोच नको. वरण, पोळी, भाजी गरम, ताजी आणि सतत शिजत असलेली. लेकराच्या पोटाला त्याहून चांगलं प्रवासात मिळणार नाही.

नांदेड-देगलूर-उदगीरच्या पट्ट्यात तेलंगणा-कर्नाटकाचा शेजार असल्यानं सकाळी इडली सगळीकडे मिळते. वाफेवरची गरम इडली धाकटीला डोळे मिटून द्या. चटणी टाळा, सांबार उकळतं असेल तर चालेल. कुणी माहूरला जायचा आग्रह केला आणि गेलात, तर रेणुकामातेचा प्रसाद म्हणून विड्याचा कुटलेला तांबूल मिळतो. जेवणानंतर तो मला कुठल्याही गोडापेक्षा आवडतो.

मराठवाड्याचा सकाळचा खरा नाश्ता मात्र सुशीला. पोह्यांसारखाच, पण मुरमुऱ्यांचा. हॉटेलात क्वचितच चांगला मिळतो, घरी दहा मिनिटांत होतो, म्हणून कृती इथेच सांगतो. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच उपसायचे आणि हलक्या हाताने पिळायचे. जास्त वेळ भिजले की लगदा होतो. तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांदा परतून हळद, मग मुरमुरे. शेवटी डाळव्याचं जाडसर पीठ भुरभुरायचं, कारण तेच मुरमुऱ्यातलं जादा पाणी ओढून घेतं आणि सुशीला मोकळा राहतो. डाळवं विसरलात तर सुशीला नुसता ओला मुरमुरा लागतो. मुक्कामाच्या ठिकाणी छोटी शेगडी असेल तर मुरमुरे आणि डाळव्याची पुडी सोबत ठेवा.

परळी, अंबाजोगाई, लातूर या बाजूला आलुबोंडा, मिर्ची भजे, कांदा भजे. लातूरकडे निलंगा राईसच्या गाड्याही दिसतील. रस्त्यात कुठे आठवडी बाजार लागला तर गाडी बाजूला घ्या. बाजारचा खाऊ म्हणजे भजे, शेव आणि जिलेबी, आणि या तिन्हींच्या बाबतीत बाजारचा हलवाई शहरातल्या दुकानापेक्षा सरस ठरतो, कारण त्याचा माल उरतच नाही. घाणा निघाला की संपला. गर्दी असलेल्या गाडीवर खा, असं लोक सांगतात त्यामागचं कारण हेच आहे.

कढई कशी बघायची? तेल काळपट झालेलं असेल, भजे सोडताच वरवर फेस धरून राहत असेल, गॅस मंद असताना धूर निघत असेल, किंवा वासानं घशात खवखव होत असेल, तर पुढची गाडी. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात खराब घटक वाढत जातात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल खाद्यपदार्थाला वापरता येत नाही, असा नियम 2018 पासून आहे. गाडीवर हे मोजणारं यंत्र कुणी ठेवत नाही, त्यामुळे डोळा आणि नाक हेच तुमचं यंत्र. शिळे बोंडे पुन्हा तळून देणं हाही प्रकार चालतो. त्यांची साल गडद आणि चिवट असते, आतला बटाटा कोरडा पडलेला असतो. ‘आता सोडा, थांबतो’ एवढं म्हणायचं. चांगला गाडीवाला खूश होतो, कारण त्याच्या हाताला दाद देणारं गिऱ्हाईक मिळालेलं असतं.

भजे वर्तमानपत्रावर घेऊ नका. शाई गरम तेलात उतरते, आणि अन्नसुरक्षा खात्यानेही तसं न देण्याचं बजावलेलं आहे. स्वतःच्या चार-पाच स्टीलच्या ताटल्या गाडीत ठेवा, पुढे करा, कुणी रागावत नाही. चटणीला पर्याय म्हणून घरची शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी डबीत न्या, तळलेली मिरची तर गाडीवर मिळतेच. कांदा हवा असेल तर समोर चिरून मागा. पाणीपुरी प्रवासात नकोच. ती तुमच्याकडे पुण्यात, घरच्या उकळून गार केलेल्या पाण्यात करा.

जिलेबीचा घाणा लेकरांना जवळून दाखवा. कारागीर फडक्याच्या भोकातून तईत पीठ सोडतो, त्याचा हात मनगटातून फिरतो, बोटं फक्त दाबतात. कडे तेलावर आले की उलटायचे, बदामी झाले की थेट कोमट पाकात. पाक एकतारी हवा. पातळ असला तर जिलेबी मऊ पडते, घट्ट असला तर पाक आत शिरतच नाही, वरून साखर धरते. भडक केशरी जिलेबीपेक्षा फिकट पिवळी बघून घ्या. रंगाने चव वाढत नाही.

सासऱ्यांबद्दल. औषधाचं आणि पथ्याचं डॉक्टर सांगतील ते खरं. मी फक्त माझ्या हाताखालून काय जातं ते सांगतो. आमच्याकडे पेढ्याला एक किलो खव्यामागे साधारण 300 ग्रॅम साखर पडते. म्हणजे वीस ग्रॅमच्या एका पेढ्यात वरून घातलेली साखर चहाच्या एका चमच्याएवढी, शिवाय दुधाची स्वतःची. पाकातल्या जिलेबीचं गणित वेगळं आहे, तिच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. शंभर ग्रॅम जिलेबी म्हणजे दहा चमचे साखर पोटात. त्यामुळे एक पेढा जेवणानंतर खाणं आणि सकाळी रिकाम्या पोटी जिलेबीची ताटली घेणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘शुगर फ्री’ पाटीवर विसंबू नका. त्यात खवा तोच, तूप तेच, आणि खजूर किंवा अंजीर घातलं असेल तर त्यांची साखर असतेच. मला विचाराल तर सासऱ्यांना पर्यायी मिठाई देऊच नका. कुंथलगिरीचा खरा पेढा अर्धा द्या, पण चांगला द्या. गोडाची तहान चांगल्या घासानं भागते. साखर कमी होण्याची गोळी चालू असेल तर उपाशी फिरवू नका, डब्यातलं काही वेळेवर पोटात जाऊ द्या.

तुळजापूरला आईच्या नैवेद्याला पुरणपोळी असते, आणि पेठेत पेढे, बत्तासे, मुरमुरे, कुंकू यांची दुकानं ओळीनं. बत्तासे-मुरमुरे खुशाल घ्या, ते कोरडे असतात. पेढा घेताना थांबा. देवस्थानाच्या पेठेत गर्दीच्या दिवशी माल ताजा असतो, पण मंगळवार-शुक्रवार, पौर्णिमा सोडून मधल्या दिवशी काही ठिकाणी पुढे मांडलेली परात जुनी असू शकते. सुट्या मिठाईच्या परातीवर ती कधीपर्यंत खायची ती तारीख लिहिणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे. ती दिसली नाही तर विचारा. विचारणं हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे, आणि विचारल्यावर तोंड वाकडं करणाऱ्याकडून माल घेऊ नये.

आणि मग येरमाळा सोडून सरमकुंडी. इथून जवळच कुंथलगिरी, देशभूषण आणि कुलभूषण मुनींचं जैन सिद्धक्षेत्र. डोंगरावरची मंदिरं बघा, संध्याकाळ होण्याआधी उतरा. या भूम-वाशीच्या माळरानावर पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून घरोघर म्हशी. दूध शहरात पोचेपर्यंत नासायचं, म्हणून ते जागेवरच आटवून खवा करण्याची रीत पडली. आता कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्या लोकांनी धुरात डोळे लाल करून जे केलं त्याची ही पोच आहे, असं मी मानतो.

भट्टीवर जायला मिळालं तर सकाळी किंवा संध्याकाळी धारा काढून झाल्यावर जा. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलोच्या आसपास खवा पडतो, कधी थोडा जास्त. दूध कढईत उकळतं तेव्हा काम सोपं वाटतं. खरी कसोटी दूध राबडीसारखं घट्ट झाल्यावर लागते. तेव्हा जाळ कमी करायचा आणि उलथणं कढईच्या बुडाला घासून सतत फिरवायचं, कडेला चिकटलेली साय खरवडून आत घ्यायची. क्षणभर हात थांबला तर खवा खाली लागतो आणि जळका वास शेवटपर्यंत जात नाही. मग एका वेळी कढईतला ऐवज कडा सोडतो, गोळा होऊन उलथण्याबरोबर फिरायला लागतो आणि कडेला तुपाची लकेर दिसते. तिथेच कढई उतरवायची. उतरवल्यावरही लोखंडाच्या गरमीनं तो शिजत असतो, म्हणून हलवणं चालूच. थंडीत म्हशींना दूध जास्त असतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीचा खवा भरपूर आणि चोख मिळतो. दिवाळीच्या तोंडावर मागणी चढते तेव्हाच भेसळीची भीती जास्त.

खवा ओळखायचा कसा? चिमूटभर दोन बोटांत चोळा. चांगल्याचं तूप बोटांना लागतं, दाणा हलका लागतो, वास भाजलेल्या दुधाचा येतो. तोंडात टाळूला चिकटणारा, पिठूळ लागणारा घेऊ नका. घरी खात्री करायची असेल तर थोडा खवा पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा झाला तर त्यात पीठ किंवा स्टार्च आहे. ही परीक्षा फक्त नुसत्या खव्यावर करा. गुलाबजामावर केलीत तर मैद्यामुळे तो निळा होणारच, त्यात हलवायाचा दोष नाही. चांदीच्या वर्खाचंही सांगतो. बोटांत चोळल्यावर खरा वर्ख विरून जातो, ॲल्युमिनियमची गोळी होते.

पेढा दोन प्रकारचा मिळेल. पांढरा मऊ पेढा खायला सुंदर, पण थंडीतही दोन-तीन दिवसांचाच. खवा तांबूस होईपर्यंत भाजून केलेल्या पेढ्यात पाणी कमी राहतं, तो आठवडाभर निघतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचा असेल तर भाजका घ्या. गरम पेढा डब्यात बंद करू देऊ नका. आतली वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतात आणि तिसऱ्या दिवशी बुरशी येते. पूर्ण गार होऊ द्या, कागद घालून भरा, आणि डिकीत न ठेवता पायाशी ठेवा. नुसता खवा बटरपेपरमध्ये गुंडाळून थंड डब्यात न्या. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो. फ्रीजरमधून काढलेला भुरभुरीत वाटतो, मंद आचेवर परतला की पुन्हा जुळून येतो.

डब्याच्या मतावरही बोलतो, कारण ते चुकीचं नाही. डबा नेलाच पाहिजे, सगळ्या वेळांसाठी नको एवढंच. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, ज्वारी-बेसनाचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि प्यायचं पाणी. दशमी थंडीत दोन दिवस चांगली राहते. धपाट्यात कांदा घालायचा नाही, मग तेही टिकतात. गाडीत भूक भागलेली असली की माणूस फाट्यावर दिसेल ते खात नाही, थांबून निवडून खातो.

आणि आणलेल्या खव्याची पोळी. आमच्याकडे जावई आला की होते. पाव किलो खवा मंद आचेवर परतून घ्या, तूप सुटलं की उतरवा. पूर्ण, अगदी पूर्ण गार झाल्यावर त्यात 125 ते 150 ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर तुपात भाजलेलं बेसन, भाजून कुटलेली खसखस, वेलदोडा. गरम खव्यात साखर घातली तर ती वितळते, सारण पातळ होतं आणि पोळी लाटताना फुटते. बेसन जादा ओलावा ओढून घेतं, म्हणून ते वगळू नका. कणकेत थोडा मैदा आणि तेलाचं मोहन घालून पीठ सैलसर, सारणाइतकंच मऊ भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पारी आणि सारण समसमान. तांदळाच्या पिठीवर कडेकडेनं लाटा, मधे जोर देऊ नका. तवा मध्यम, तूप सोडून दोन्ही बाजूंनी तांबूस ठिपके येईपर्यंत भाजा, आणि एकावर एक न रचता कापडावर पसरून गार करा. थंडीत चार दिवस सहज राहतात. सासऱ्यांसाठी त्याच सारणातून वेगळा गोळा काढा, पिठीसाखर निम्मी आणि खसखस थोडी जास्त. खसखशीच्या खमंगपणानं साखर कमी आहे हे फारसं जाणवत नाही, आणि त्या पोळीचा चतकोर पुरतो.